दहा मिनिटांचे यात्रेकरू

पुण्याहून माझ्या भाच्याने मला एक तक्ता पाठवला आहे. गोदावरी पुष्कराच्या सहलीचा. शुक्रवार, २५ जून २०२७ : ऑफिसातून थेट विमानतळ, हैदराबाद, तिथून रात्रीच्या गाडीने राजमहेंद्री. शनिवार, २६ जून : पहाटे मुख्य घाटावर मुहूर्ताचे स्नान, आजोबांचे पिंडदान (पाऊण तास), न्याहारी, द्राक्षारामचा भीमेश्वर, संध्याकाळी नदीची आरती. रविवार : अन्नवरमचा सत्यनारायण, जेवण, परतीचे विमान. सोमवारी साडेनऊला मीटिंग. तक्त्याच्या तळाशी एक ओळ : 'हाताशी राखीव वेळ, ३० मिनिटे.'

माणसे पाच. तो, त्याची बायको, आठ वर्षांची लेक, दोन्ही गुडघे बदललेली माझी ताई आणि त्र्याहत्तरीचे भाऊजी. खाली त्याने लिहिले आहे, 'मावशी, तू तिकडचीच. फक्त एकदा नजर घाल. हॉटेल आत्ताच बघतोय, नंतर खोल्या मिळणार नाहीत.'

मी तिकडची म्हणजे लग्न होऊन हैदराबादला आले त्याला अडतीस वर्षे झाली. एवढ्या काळात मी गोदावरीचे तीन पुष्कर पाहिले आहेत. त्यातले एक, २०१५ चे, मी मरेपर्यंत विसरणार नाही. भाच्याला उत्तर एका ओळीत द्यायचे होते. ते एका ओळीत मावेना, म्हणून हा लेख. आणि तक्ता एकट्या माझ्या भाच्याचा नाही. कुंभ, सिंहस्थ, कन्यागत, पुष्कर, नदीचे नाव बदला, स्टेशन बदला, तक्ता तोच राहतो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. मी तीर्थयात्रेच्या विरोधात नाही. श्राद्धपक्ष करणाऱ्या घरातली आहे आणि नदीत उतरताना माझेही हात आपोआप जोडले जातात. सहल छोटी आहे म्हणूनही माझी तक्रार नाही. नोकरदार माणसाला शुक्रवार रात्र ते रविवार रात्र एवढेच आयुष्य स्वतःचे मिळते, हे मला कळते. माझे भांडण तक्त्यातल्या तीन शब्दांशी आहे : पहिला दिवस, मुख्य घाट, मुहूर्त. हे तीन शब्द एकत्र आले की यात्रेचे रूपांतर चेंगराचेंगरीच्या तयारीत होते. आणि हे तिन्ही शब्द शास्त्राने सांगितलेले नाहीत. ते आपण बाजारातून आणले आहेत.

तेलुगू मुलखाबाहेरच्या वाचकांसाठी थोडे सांगते. गुरू ग्रह साधारण बारा वर्षांत राशीचक्र फिरतो. बारा राशींना बारा नद्या वाटून दिलेल्या आहेत. मेषेला गंगा, वृषभेला नर्मदा, सिंहेला गोदावरी, कन्येला कृष्णा, तुळेला कावेरी, मकरेला तुंगभद्रा, मीनेला प्राणहिता. गुरू ज्या राशीत शिरतो त्या राशीच्या नदीला पुष्कर लागते. महाराष्ट्राला ही गोष्ट दुसऱ्या नावांनी ठाऊक आहे. गुरू सिंहेत गेला की नाशिक–त्र्यंबकला सिंहस्थ, कन्येत गेला की नरसोबाच्या वाडीला कन्यागत. एप्रिल २०२२ मध्ये प्राणहितेचे पुष्कर झाले तेव्हा गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्याच्या घाटांवर तेलुगू बोलणारी माणसे लोटली होती. मुंबई-पुण्याच्या किती वाचकांना ते कळले असेल, शंकाच आहे.

आता या पर्वाची कथा पाहा. पुष्कर म्हणजे तीर्थांचा राजा, पाण्याला पावित्र्य देणारा. गुरूने ब्रह्मदेवाकडून त्याला मागून घेतले. पण पुष्कर ब्रह्मदेवाला सोडून जायला तयार होईना, म्हणून तडजोड झाली. गुरू राशीत शिरेल तेव्हा पहिले बारा दिवस पुष्कर त्या नदीत राहील. गुरू रास सोडण्याआधीचे शेवटचे बारा दिवस राहील. आणि मधल्या साऱ्या काळात रोज मध्यान्ही दोन मुहूर्त येऊन जाईल.

रोज. दोन मुहूर्त म्हणजे चार घटका, म्हणजे दीड तासाहून अधिक. वर्षभर, भर दुपारी, नदीच्या संपूर्ण लांबीवर. ज्यांनी कोणी ही कथा रचली ती माणसे शहाणी होती. कोणाची पेरणी असेल, कोणाचे बाळंतपण, कोणाचे दुखणे, हे त्यांना माहीत होते. सगळ्यांना एकाच दिवशी एकाच पायरीवर बोलावणे म्हणजे काय, हेही त्यांना ठाऊक असावे. म्हणून त्यांनी पुण्य वर्षभर पसरून ठेवले. आपण ते गोळा करून एका सकाळच्या काही मिनिटांत कोंबले.

ही नदी १,४६५ किलोमीटर लांब आहे. ब्रह्मगिरीवरून निघाली की नाशिक, पुणतांबे, पैठण, गंगाखेड, नांदेड, पुढे बासर, धर्मपुरी, मंथनी, काळेश्वरम, भद्राचलम, मग राजमहेंद्री आणि कोव्वूर, शेवटी अंतर्वेदी. गोदाकाठाला मराठवाड्यात गंगथडी म्हणतात, म्हणजे तिथल्या माणसाने आपल्या दारच्या नदीला कधीच गंगा करून टाकले. जिचा प्रत्येक काठ तीर्थ मानला जातो, तिच्याकडे जायचे तर पाच जणांच्या कुटुंबाला नेमकी शंभर-दीडशे पावलांची एकच जागा का हवी?

मुहूर्ताच्या नेमकेपणाचे म्हणाल, तर त्याचीही गंमत आहे. ३१ ऑक्टोबर २०२६ ला गुरू सिंहेत जातो आणि त्या दिवशी नाशिक–त्र्यंबकला सिंहस्थाचे ध्वजारोहण. नंतर वक्री होऊन तो मागे कर्केत येतो आणि २६ जून २०२७ ला पुन्हा सिंहेत शिरतो. आंध्रात पुष्कर त्या दिवसापासून धरले आहे, ७ जुलैपर्यंत. नाशिकची अमृतस्नाने त्याहून निराळी, ऑगस्ट आणि सप्टेंबरात. ग्रह एक, रास एक, नदी एक, आणि वरच्या काठाचे दिवस वेगळे, खालच्या काठाचे वेगळे. दोन्हीकडचे पंडित विद्वान आहेत आणि दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत. ज्या परंपरेला आठ महिन्यांचा फरक पचतो, तिला माझ्या ताईने शनिवारी सकाळी सहाऐवजी मंगळवारी दुपारी बारा वाजता डुबकी मारलेली पचणार नाही?

आता २०१५ चे सांगते.

१४ जुलै २०१५ ला पुष्कर सुरू होणार होते. माझ्या सासूबाईंचे वय तेव्हा शहात्तर. सासरे जाऊन तीन वर्षे झाली होती. त्यांचे पिंड पहिल्याच दिवशी राजमहेंद्रीला पडावेत अशी इच्छा त्यांची नव्हती, आमची होती. टीव्हीवर महिनाभर तेच चालले होते. असे पर्व पुन्हा नाही, हा मुहूर्त चुकवू नका. आम्हीही तक्ता केला होता. फरक इतकाच, की तो वहीत होता. सिकंदराबादहून रात्रीची गाडी, पहाटे उतरणे, थेट घाट. गाडी रखडली. निडदवोलूच्या अलीकडे ती अशी उभी राहिली की बाहेर उजाडले, ऊन चढले, तरी हलेना. मी सारखी घड्याळ बघत होते आणि नवऱ्यावर चिडत होते, आदल्या दिवशीची तिकिटे का काढली नाहीत म्हणून. सासूबाई खिडकीशी जप करत होत्या. एकदाच म्हणाल्या, "अगं, गुरू काय घड्याळ बांधून येतो का?"

मग डब्यात फोन वाजू लागले. आधी एक, मग चार, मग सगळे. तेलुगूत, उर्दूत, मराठीत माणसे एकच प्रश्न विचारत होती : तू कुठे आहेस? पलीकडून काय सांगितले जात होते ते चेहऱ्यांवर दिसत होते. समोरच्या बाकावरच्या बाईंची बहीण आदल्या दिवशीच पुढे गेली होती. त्या बाईंनी बत्तीस वेळा फोन लावला. मी मोजले, कारण मोजण्याखेरीज मला काही करता येत नव्हते. तेहतिसाव्या वेळी लागला. ती बहीण जिवंत होती. त्या सकाळी घाटावर २७ माणसे मेली. बहुतेक स्त्रिया.

गाडी कोव्वूरला थांबली तेव्हा आम्ही तिथेच उतरलो. कोव्वूर म्हणजे राजमहेंद्रीच्या समोरचा काठ. मध्ये पात्र जवळजवळ तीन किलोमीटरचे. इथेही घाट आहे, गोष्पाद क्षेत्र म्हणतात. गर्दी होती, पण माणसाला माणसाचा धक्का लागला तर तो वळून 'चूक झाली' म्हणेल एवढी जागाही होती. सासूबाईंचा हात धरून मी पाण्यात उतरले. एका म्हाताऱ्या गुरुजींनी पिंड करवले. दक्षिणा विचारली तर म्हणाले, आज काही विचारू नका. सासूबाई पलीकडच्या काठाकडे बघत होत्या. तिथून काही दिसत नव्हते, आवाजही येत नव्हता. पाणी तेच होते. पर्व तेच, दिवस तोच. त्या काठावर २७ जणी आणि जण गेले, या काठावर माझी सासू ओल्या लुगड्याने सूर्याला अर्घ्य देत उभी होती. फरक केला तो एका रखडलेल्या गाडीने.

नंतर एका निवृत्त न्यायमूर्तींचा आयोग बसला. त्याने मुहूर्ताच्या अतोनात प्रसिद्धीकडे आणि त्यामागे धावणाऱ्या श्रद्धेकडे बोट दाखवले. त्या सकाळी मुख्यमंत्र्यांचे स्नानही त्याच घाटावर झाले होते आणि त्याचा दोष किती, यावर पुष्कळ राजकारण झाले. ते मी राजकारण्यांवर सोडते. मला टोचते ते वेगळेच. त्याच गावात, त्याच काठावर कोटिलिंगाल घाट त्या पुष्करासाठी एक किलोमीटरभर लांब करून ठेवला होता. माणसे जिथे गेली तिथे ती गेली, कारण नाव त्या एका घाटाचे घेतले जात होते. आणि पुढच्या वर्षी, ३१ जुलै ते ११ ऑगस्ट २०१६, अंत्य पुष्कर झाले. कथेप्रमाणे पुण्य तेवढेच. मी एकटी गेले होते. पायऱ्यांवर बसून डबा खाता आला.

यानंतर आपण काही शिकलो असे म्हणावे, तर २०२५ समोर येते. प्रयागराजचा महाकुंभ १४४ वर्षांनी आलेला म्हणून गाजवला गेला. ४५ दिवसांचा मेळा होता. ६६ कोटींहून अधिक लोकांनी स्नान केले असे सरकारने अभिमानाने सांगितले. २९ जानेवारीला मौनी अमावास्येच्या पहाटे संगमाच्या तोंडाशी चेंगराचेंगरी झाली. सरकारने सांगितलेला आकडा ३० मृतांचा. १५ फेब्रुवारीला नवी दिल्ली स्टेशनवर, नदीपासून शेकडो किलोमीटर दूर, कुंभाची गाडी पकडताना १८ जण गेले. नाशिकच्या माणसाला २७ ऑगस्ट २००३ ची आठवण सांगावी लागत नाही. रामकुंडाकडे उतरणाऱ्या अरुंद रस्त्यात ३९ जण गेले. अलाहाबादचा ३ फेब्रुवारी १९५४ तर आमच्या आजीच्या तोंडी होता. शेकडो माणसे गेली होती आणि दिवस हाच, मौनी अमावास्येचा.

प्रत्येक वेळी आपण बॅरिकेड, पोलीस, पूल यांच्यावर बोलतो. बोललेच पाहिजे. सरकारची जबाबदारी कमी करण्यासाठी मी हे लिहीत नाही. पण एक प्रश्न आपण कधीच विचारत नाही : एवढी माणसे एकाच तासाला तिथे का होती? याचे उत्तर श्रद्धा असे देऊन आपण मोकळे होतो. श्रद्धेचे उत्तर वर आले आहे, बारा दिवस, परत बारा दिवस आणि वर्षभर दुपार. एका तासाची टंचाई निर्माण केली ती इतरांनी. सरकारला आकडा हवा असतो आणि आकडा एका दिवसाचा असला तरच मथळा होतो. वाहिनीला थेट प्रक्षेपण हवे असते. सहल कंपनीला 'मुहूर्त स्नान' विकता येते, 'कोणत्याही दिवशी दुपारी स्नान' विकता येत नाही. जिन्नस कमी आहे असे सांगितल्याशिवाय भाव चढत नाही, हे भाजीवालीलाही ठाऊक असते. पुण्याचा भाव चढवायचा तर पुण्य दुर्मीळ करावे लागते.

आणि आपण? आपल्याला ही टंचाई मनातून आवडते. बारा वर्षांतून एकदाच, पहिल्याच दिवशी, आम्ही तिथे होतो. हे सांगण्यातली गोडी मला माहीत आहे. २०१५ ला गाडीत बसताना माझ्याही तोंडात तीच गोडी होती.

आता नदीकडे वळते, कारण तक्त्यात कुठे नसेल तर तीच. द्राक्षारामला सव्वा तास, अन्नवरमला दोन तास, जेवणाला चाळीस मिनिटे. नदीला? स्नान, दहा मिनिटे. माझ्या मते सगळ्या दुखण्याचे मूळ इथे आहे. दहा मिनिटांच्या यात्रेकरूला नदी लागत नाही. त्याला दहा मिनिटे पुरेल एवढे पाणी लागते. आणि सरकार तेवढेच देते.

नाशिकचेच पाहा. २०१५ च्या सिंहस्थाला दुष्काळ होता. शाही स्नानांसाठी गंगापूर धरणातून पाणी सोडावे की नाही, हे उच्च न्यायालयापर्यंत गेले. स्नाने पार पडली, सप्टेंबरात साधू उठले. एप्रिल २०१६ मध्ये रामकुंड कोरडे पडले आणि त्यात टँकरने पाणी आणून ओतले. लक्षात घ्या, पंचांगाप्रमाणे सिंहस्थ तेव्हा संपलेला नव्हता. ध्वजा ऑगस्टपर्यंत फडकत होती. कथेप्रमाणे पुष्कर रोज दुपारी यायचा होता. तो येऊन कुठे उतरला असेल? काँक्रीटच्या तळावर? टँकरच्या रबरी नळीत? पण कोणाची तक्रार आली नाही, कारण आपण सगळे आपापली दहा मिनिटे उरकून घरी गेलो होतो.

प्रयागला २०२५ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने हरित लवादाला सांगितले की अनेक ठिकाणी पाण्यातले विष्ठेचे जिवाणू स्नानयोग्य मर्यादेपेक्षा जास्त आढळले. त्यावर केवढा वाद! पाणी निर्मळ आहे, हे सिद्ध करण्यासाठी माणसे हिरिरीने बोलली. जी माणसे संगमाजवळ तीन दिवस राहतात, ती त्या वादात नव्हती. त्यांना कोणता नाला कुठे मिळतो हे नाकाने कळते. नाशिकमध्ये साधुग्रामासाठी तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला तेव्हा रस्त्यावर उतरले ते रोज त्या झाडांखालून जाणारे नाशिककर. स्नानाला येणारे आपण नव्हे. आपल्याला झाडे माहीतच नव्हती. नदीजवळ कुणी राहिल्याशिवाय नदीच्या बाजूने बोलणारे कोणी तयार होत नाही, हे इतके साधे आहे.

यावर काय म्हटले जाईल हे मला माहीत आहे, कारण भाच्याने फोनवर म्हणून दाखवले.

पहिले : "रजा नाही, मावशी." बाबा रे, पुष्कर शनिवारी सुरू होते आणि बारा दिवसांत दुसराही शनिवार-रविवार येतो, ३ आणि ४ जुलै. पुढे अंत्य पुष्कराचे बारा दिवस येतील. मधल्या प्रत्येक शनिवारी-रविवारी दुपार असतेच. तुझी अडचण रजेची नाही. तुला पहिला शनिवार हवा आहे.

दुसरे : "आईबाबांचे वय झाले, नंतर जमेल न जमेल." म्हणूनच तर. गुडघे बदललेल्या बाईला लाखोंच्या गर्दीत पहाटे अंधारात ओल्या पायऱ्या उतरायला लावणे, याला मी मातृभक्ती म्हणणार नाही. नाशिकला जा, पैठणला जा. पुण्याहून गाडीने जाता येईल अशी गोदावरी तुम्हाला आहे, थेट घाटापर्यंत चाके जातात. गंगाखेडला जा, जनाबाईचे गाव आहे. पिंडाला पाणी गोदावरीचे हवे ना? ते तिथेही गोदावरीचेच आहे, आणि राजमहेंद्रीला पोचते ते त्याच पाण्यातले.

तिसरे : "सरकार व्यवस्था करतेच." करते. २०१५ लाही केली होती. कोणतीही व्यवस्था लाखो लोकांच्या एकाच तासाच्या हट्टाला पुरत नाही. घाट लांब करता येतो, तास लांब करता येत नाही. तो लांब करणे आपल्या हातात आहे.

चौथे, आणि हे मला खरोखर लागले : "तू श्रद्धेत हिशेब आणतेस." हिशेब मी आणला? तीस मिनिटांचा राखीव वेळ कोणी लिहिला? पाऊण तासात आजोबांना कोणी बसवले? श्रद्धेला हिशेब नको असेल तर मुहूर्ताचाही नको. आपल्या मराठी परंपरेत याचे सुंदर उत्तर आहे. वारकरी अडीचशे किलोमीटर चालून पंढरीला जातो. एकादशीला रांग संपत नाही, दर्शन होत नाही, तेव्हा तो कळसाला हात जोडतो आणि समाधानाने परत फिरतो. त्याला कोणी अपुरा वारकरी म्हणत नाही. त्याची यात्रा रस्त्यावर झालेली असते, गाभाऱ्यातले दोन क्षण हुकले तरी ती मोडत नाही. आमच्या तक्त्यात रस्ता नाही, म्हणून तो एक क्षण हुकला की हाती काही उरत नाही. आणि हाती काही उरणार नाही या भीतीनेच माणूस पुढच्याला ढकलतो. नर्मदेची परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने, तेरा दिवसांची सांगितली आहे. आता ती बसने काही दिवसांत होते. बसने करू नये असे मी म्हणणार नाही. पण बसमधून उतरून काठावर एक रात्र काढली नाही तर परिक्रमा कोणाची झाली, आपली की बसची?

तर भाच्यासाठी माझा तक्ता असा आहे. दोन रात्री, तेवढाच खर्च, किंवा कमी.

जागा एक. दोन नाहीत, तीन तर नाहीतच. द्राक्षाराम पुन्हा केव्हातरी. दिवस कोणताही, पण जाहीर झालेला पर्वदिवस नको. आषाढ-श्रावणात पाणी चढलेले असेल तर काठावरूनच नमस्कार. जुलै २०२२ मध्ये भद्राचलमला पाणी ७० फुटांच्या वर गेले होते, या नदीला आपल्या आरक्षणांशी देणेघेणे नाही. पहिल्या संध्याकाळी स्नान नाही. घाटावर चहाच्या टपरीवर बसायचे. नावाडी, कोळी, धुणे धुणाऱ्या बाया यांना विचारायचे : पाणी कुठे खोल, कुठे ओढ, गावाची गटार कुठे मिळते. जिथे मिळते तिथपर्यंत चालत जायचे, मुलीला घेऊन. तिला वास आला तर येऊ दे. देवळातला कापूर तिला आठवेल न आठवेल, हे नक्की आठवेल. दुसऱ्या दिवशी दुपारी बाराच्या सुमाराला, कथेतल्या दोन मुहूर्तांत, स्नान. पिंडदान सावकाश. आजोबांविषयी ताईला जे सांगायचे असेल ते तिला सांगू द्या, पाऊण तासात तिचे लहानपणही संपणार नाही. तिसऱ्या सकाळी नावेने किंवा पुलावरून पलीकडचा काठ. समोरून आपला काठ कसा दिसतो ते बघायचे.

आणि तक्त्यात एक ओळ हवीच : गर्दी दाटली तर परत फिरायचे. कुठून फिरायचे ती जागा आधी ठरवायची. तिथून कळसाला हात जोडायचे. परत फिरणे हे यात्रेचे अपयश धरले जाते तोवर माणसे मरत राहतील.

सरकारांकडे माझे मागणे छोटे आहे. २०२७ ला तीन राज्यांतली सरकारे कोटींचे आकडे छापतील, त्याऐवजी संपूर्ण काठाचा नकाशा आणि संपूर्ण वर्षाचे दिवस छापा. पहिल्या दिवशी मंत्र्यांनी घाटावर जाऊ नये, दहाव्या दिवशी जावे, तेही लहान गावात. कॅमेरे त्यांच्या मागे जातील, माणसे कॅमेऱ्यांच्या मागे.

हे नियतकालिक ज्यांच्या हातात पडते त्यांच्यातल्या प्रत्येकाच्या नदीचा क्रम लागलेला आहे. २०२८ ला कृष्णा, २०२९ ला कावेरी. तुमच्या घरीही कोणीतरी तक्ता करील. तो तुमच्याकडे 'फक्त एकदा नजर घाल' म्हणून येईल तेव्हा नजर घाला. पहिला दिवस, मुख्य घाट आणि मुहूर्त या तिन्हींवर काट मारा.

भाच्याचा काल रात्री निरोप आला. 'मावशी, पटतंय. पण हॉटेलचे पैसे भरलेत, परत मिळत नाहीत.'

मी लिहिले : किती आहेत सांग. मी देते.